छातीवरचं ओझं आणि अंगावरून गेलेलं वारं

मागच्या धड्यात आपण घड्याळ वाचायला शिकलो. लहान काटा कुठे, मोठा काटा कुठे, सव्वा, साडे, पावणे हे सारं झालं. आता किती वाजले हे बघायला तुम्हांला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. आज त्याच घड्याळाचं एक मोठं काम आम्ही सांगणार आहोत. ते काम एसटी गाठण्याचं नाही. माणूस वाचवण्याचं आहे.

दुखणी दोन आहेत. एक काळजाचं, एक मेंदूचं. काळजाच्या दुखण्याला आपण हार्ट अटॅक म्हणतो. कोणी हृदयविकाराचा झटका म्हणतं. मेंदूच्या दुखण्याला लकवा, अर्धांगवायू, पक्षाघात अशी नावं आहेत. घरोघरी बोलताना मात्र आपण म्हणतो, "अमक्याच्या अंगावरून वारं गेलं."

दुखणी दोन, पण मूळ बहुतेक वेळा एकच असतं. ते कसं, ते बघा.

तुमच्यापैकी पुष्कळांनी शेतात ठिबक बघितलं असेल. पाणी खारं असलं की नळीला आतून क्षार धरतो. वरून नळी चांगली दिसते. मोटार चालू असते, टाकी भरलेली असते. पण एका जागी नळी चोंदली की पुढच्या झाडांना पाणी जात नाही. दुपारच्या उन्हात ती झाडं माना टाकतात. लवकर ध्यानात आलं, नळी मोकळी केली, तर झाडं पुन्हा उभी राहतात. उशीर झाला तर नळी मोकळी होते, पण झाड वाळून गेलेलं असतं.

आपल्या अंगात अशाच नळ्या आहेत. त्यांना रक्तवाहिन्या म्हणतात. काळीज म्हणजे मुठीएवढा पंप. तो मिनिटाला साधारण ७० वेळा उडतो आणि तेवढ्या वेळात सुमारे पाच लिटर रक्त अंगभर फिरवतो. रात्र नाही, दिवस नाही, सणाची सुट्टी नाही. साऱ्या अंगाला रक्त पुरवणाऱ्या या पंपाला स्वतःलाही रक्त लागतं. त्यासाठी त्याच्या अंगावर वेगळ्या बारीक नळ्या आहेत. त्यांतल्या मोठ्या तीन. वर्षानुवर्षं या नळ्यांना आतून चरबीचा थर धरतो. एखाद्या दिवशी तो थर फाटतो, तिथे रक्ताची गुठळी होते आणि नळी बंद पडते. पुढचं काळजाचं मांस रक्तावाचून मरू लागतं. हाच हार्ट अटॅक.

मेंदूची नळी गुठळीने बंद पडली, तर मेंदूचा तो भाग मरू लागतो. काही जणांत नळी चोंदत नाही, फुटते, आणि रक्त मेंदूत पसरतं. दोन्हीला आपण वारं म्हणतो. मोठी नळी बंद पडली तर मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात, असा हिशेब डॉक्टरांनी मांडला आहे. १९ लाख हा आकडा पाटीवर लिहून बघा. १९,००,०००. एवढ्या पेशी एका मिनिटात जातात. आपण घरात बसून "जरा बघू या, उतरतंय का," म्हणत असतो, तेव्हा हे चाललेलं असतं.

आता आधी काळजाचं.

छाती दुखणं म्हणजे सुई टोचल्यासारखं दुखणं, अशी पुष्कळांची समजूत आहे. बहुधा तसं नसतं. काही रोगी तर "दुखतंय" असं म्हणतही नाहीत. ते म्हणतात, "छातीवर पोतं ठेवल्यागत वाटतंय." कोणी म्हणतं, "दोरीने आवळल्यासारखं होतंय." कोणी म्हणतं, "आत जळजळतंय." कुठे दुखतं असं विचारलं, तर रोगी पुष्कळदा एक बोट लावून दाखवत नाही. तो अख्खा पंजा किंवा मूठ छातीच्या मधोमध ठेवतो. हे ओझं डाव्या हातात उतरतं. कधी दोन्ही हातांत, कधी गळ्यात, जबड्यात, खांद्याच्या फऱ्यांमध्ये, कधी पोटाच्या वरच्या भागात. त्याबरोबर दरदरून घाम सुटतो. ऊन नाही, काम नाही, तरी बंडी भिजते आणि अंग गार लागतं. दम लागतो. मळमळतं. रोगी घाबरतो. "मला कसंतरीच होतंय," एवढंच त्याला सांगता येतं.

ही सगळी लक्षणं एकाच माणसात दिसतील असं नाही. एखाद्याला नुसतंच ओझं वाटेल. एखाद्याला दम आणि घाम, बस.

आणि इथेच एक शब्द आडवा येतो. तो शब्द म्हणजे गॅस. पहाटे चार वाजता माणूस उठून बसतो, छाती चोळतो. घरचे काय म्हणतात?

"रात्री वांग्याचं भरीत जास्त झालं असंल."

"पित्त हाय ते. ओवा खावा."

"सोडा प्या, ढेकर आली की मोकळं वाटंल."

सोडा पितात. ढेकर येतेही. जरा बरं वाटल्यासारखं होतं. मग पुन्हा ओझं. मग शेजारचा येतो, तोही पित्तच म्हणतो. मग उजाडायची वाट. मग गावातल्या डॉक्टरांचा दवाखाना उघडायची वाट. चार वाजता सुरू झालेलं दुखणं दहा वाजता कोणाच्या तरी हाताला लागतं. सहा तास गेले.

आमच्या वर्गात एक जण म्हणाले, "गुरुजी, मग पित्त कुठलं आणि काळीज कुठलं, हे घरी वळखायचं कसं?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की घरी नक्की ओळखता येत नाही. डॉक्टरांनाही नुसतं बघून ओळखता येत नाही. त्यासाठी छातीचा ईसीजी काढावा लागतो. कागदाच्या पट्टीवर काळजाच्या चालीची रेघ उमटते. कधी कधी पहिल्या पट्टीत काही दिसत नाही, पुन्हा काढावी लागते, रक्त तपासावं लागतं. मग आपण खाटेवर बसून "पित्तच आहे" असा निकाल कसा देणार? म्हणून एक साधी रीत धरा. छातीवर ओझं आलं, तर हातातलं काम टाकून बसायचं. घड्याळ बघायचं. पाच मिनिटं बसूनही ओझं उतरलं नाही, तर ते काळजाचंच धरून चालायचं. घाम सुटला, दम लागला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पाच मिनिटंही थांबायचं नाही. दवाखान्यात जाऊन पित्त निघालं, तर हसत घरी या. कोणी नावं ठेवली तर ठेवू द्या.

याच्या आधीची एक खूण आहे. ती फार कामाची आहे. ऊसतोडीला गेलेला माणूस मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढतो. चढताना त्याची छाती आवळते. मोळी टाकून खाली बसला की दोन-चार मिनिटांत मोकळं होतं. तो म्हणतो, "वझं जास्त झालं." दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. हे ओझं मोळीचं नव्हे. नळी अर्धीमुर्धी चोंदल्याची ती खबर असते. बसल्यावर चालणारं रक्त चढाला पुरत नाही. अशा माणसाने त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मुकादमाकडून उचल घेतली आहे, खाडा पडेल, हे आम्हांलाही ठाऊक आहे. पण पुढे ते ओझं बसल्या जागी, काही काम न करता येऊ लागलं, की मग खाड्याचा हिशेब उरत नाही. तेव्हा ताबडतोब निघायचं.

बायांचं वेगळं सांगावं लागतं. दुखणं "अंगावर काढणं" हा आपल्या घरातल्या बाईचा जुना रिवाज. ताप अंगावर काढते, कंबर अंगावर काढते. तसाच हार्ट अटॅकही अंगावर काढू बघते. बायांनाही छातीत ओझं येतं. पण पुष्कळ जणींना त्याच्या जोडीला, किंवा त्याच्याऐवजी, दुसरंच काही होतं. पाठ भरून येते. जबडा दुखतो, दाढ ठणकल्यासारखं वाटतं. उलट्या होतात. काल दोन हंडे सहज आणणारी बाई आज भाकरी थापताना धापा टाकते. अंगातलं त्राणच गेल्यासारखं होतं. घरात तिला कोणी म्हणतं, उन्ह लागलं. कोणी म्हणतं, उपास सोसला नाही. ती स्वतःच म्हणते, "पोरं शाळेतनं येऊ द्यात, मालक रानातनं येऊ द्यात, मग बघू." मालक येईपर्यंत दुपार कलते. कधी कधी पैसा मालकाच्या खिशात, फोन मालकाच्या खिशात. बायांनो, या दुखण्यात कोणाच्या परवानगीची वाट बघायची नाही. शेजारणीला हाक मारा. फोन तिच्याकडे असेल.

साखरेचा आजार असलेल्यांनाही जपलं पाहिजे. मधुमेहाने शिरा बधिर होतात. मग छाती दुखतच नाही. नुसता घाम, नुसता दम, नुसती घेरी. दुखलं नाही म्हणून झटका नव्हता, असं त्यांच्या बाबतीत म्हणता येत नाही.

ॲस्पिरिन नावाची एक स्वस्त गोळी आहे. ती गुठळी वाढू देत नाही. १९८८ साली एका मोठ्या प्रयोगाचा निकाल जाहीर झाला. १७ हजारांहून जास्त रोग्यांवर तो प्रयोग झाला होता. हार्ट अटॅकमध्ये लवकर ॲस्पिरिन दिल्याने, जिथे शंभर जण गेले असते तिथे सुमारे तेवीस जण वाचले. म्हणून छातीच्या दुखण्यात १०८ वरचे डॉक्टर पुष्कळदा विचारतात, घरात ॲस्पिरिन आहे का? ते सांगतील तर साधारण ३०० मिलिग्रॅम गोळी चावून खायची, नुसती गिळायची नाही. पण ज्याला ही गोळी सोसत नाही, ज्याच्या पोटात व्रण होऊन रक्त गेलेलं आहे किंवा ज्याला रक्त पातळ करण्याचं औषध चालू आहे, त्याने ते आधी डॉक्टरांना सांगावं. गोळीच्या पाकिटावरचं नाव बहुधा इंग्रजीत असतं. ते औषधवाल्याकडून वाचून घ्या आणि वर मराठीत चिठ्ठी चिकटवा : "ॲस्पिरिन. छातीसाठी. डॉक्टरांना विचारून." आता तुम्हांला लिहिता येतं, तर हे काम दुसऱ्यावर कशाला टाकायचं? जिभेखाली ठेवायच्या गोळीचं मात्र वेगळं आहे. ज्याला डॉक्टरांनी ती लिहून दिली आहे, त्यानेच ती घ्यायची, तीही बसून. शेजाऱ्याची गोळी मागून घेऊ नये. तिने रक्तदाब एकदम खाली येतो.

आता वाऱ्याकडे वळू.

असं समजा, की सकाळची वेळ आहे. आबा ओट्यावर बसून चहा पीत आहेत. कप हातातून निसटतो. सून आतून विचारते, "आबा, कप पडला की! भाजलं तर नाही?" आबा काहीतरी बोलतात, पण शब्द जड येतात, तोंडात सुपारी असल्यासारखे. सून बाहेर येऊन बघते तर चहाची धार ओठाच्या एका कोपऱ्यातून खाली येते आहे. तोंड एका बाजूला ओढलेलं आहे.

या सुनेला तीन गोष्टी करता आल्या पाहिजेत. तिने म्हणावं, "आबा, दात दाखवा बघू." तोंड एका अंगाला वाकडं झालं का ते बघावं. मग म्हणावं, "डोळे मिटा आणि दोन्ही हात पुढे करून धरा." दहा आकडे मोजेपर्यंत एक हात खाली घसरतो का, ते बघावं. मग विचारावं, "आज वार कोणता? घरात कोण कोण आहे?" बोलणं जड येतं का, भलतंच येतं का, आपलं बोलणं त्यांना कळतं का, ते बघावं. तोंड, हात, बोली. तिन्हींतली एक जरी खूण दिसली तरी पुरे. दुसरीची वाट बघू नये. या साऱ्याला एक मिनिटसुद्धा लागत नाही.

काही जणांत तोंड सरळच असतं. पण एकाएकी तोल जातो, दारू न पिता पाय भलतीकडे पडतात. एका डोळ्याला दिसेनासं होतं किंवा एकाचे दोन दिसतात. डोकं असं दुखतं, की जन्मात कधी दुखलं नव्हतं. यांत "एकाएकी" हा शब्द ध्यानात ठेवा. आणि हे म्हाताऱ्यांनाच होतं असंही नाही. तिशी-चाळिशीतल्या माणसालाही होतं.

वारं हे नाव आमच्या मते फार घातकी आहे. वाडवडिलांना दिसलं ते त्यांनी सांगितलं. माणूस झाडासारखा एका बाजूला मोडून पडला, म्हणजे वाऱ्यानेच पाडला असेल. पण नाव चुकलं की उपाय चुकतो. वारं म्हटलं की ऊब आली, तेलाचं मालीश आलं, कोणी अंगारा आणायला पळालं, कोणी कबुतर शोधायला गेलं. कबुतराचं रक्त अंगाला चोळायची चाल अजून कुठे कुठे आहे. मेंदूतली गुठळी बाहेरून रक्त चोळून कशी विरघळणार? देवाला हात जोडायला आमची ना नाही. गाडीत बसून जोडा.

फोनवर फिरणारे निरोपही कमी नाहीत. कोणी पाठवतं, बोटांना सुई टोचून रक्त काढा, वारं उतरतं. कोणी पाठवतं, काळजाचा झटका आला तर जोरजोरात खोका. हे खरं नाही. छापलेलं आणि लिहिलेलं सारंच खरं नसतं, हे वाचायला शिकलेल्या माणसाने आधी शिकावं.

खरा उपाय १९९५ साली हाती आला. गुठळी विरघळवणारं औषध शिरेतून दिलं तर वाऱ्याचे रोगी पुन्हा हिंडूफिरू लागतात, हे त्या वर्षी अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवलं. पहिल्यांदा ते तीन तासांच्या आत द्यायचं होतं. २००८ साली कळलं, की साडेचार तासांपर्यंत देता येतं. पण जितकं लवकर, तितका गुण जास्त. साडेचार तास म्हणजे दवाखान्यात पोचायचे नव्हेत, सुई टोचायचे. त्याआधी सीटी स्कॅन नावाच्या यंत्रात डोक्याचा फोटो काढावा लागतो. नळी चोंदली आहे की फुटली आहे, ते त्यात दिसतं. फुटली असेल आणि हे औषध दिलं, तर रक्त आणखी वाहेल. म्हणूनच वाऱ्याच्या रोग्याला घरी ॲस्पिरिन द्यायची नाही. काळजाला चालते, इथे नाही. हा फरक नीट ध्यानात घ्या. साडेचार तास उलटले असले तरी घरी बसू नका. काही रोग्यांची गुठळी मोठ्या दवाखान्यात तार घालून बाहेर काढतात, आणि ते निवडक रोग्यांना चोवीस तासांपर्यंत करता येतं.

आता घड्याळाचं काम. दवाखान्यात पाय ठेवला की डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, "केव्हापासून?" आणि आपण काय सांगतो? "सकाळधरनं." "मघापासून." "जनावरं सोडायच्या येळंला." औषध द्यायचं की नाही, हे या एका उत्तरावर ठरतं. मघापासून म्हणजे किती वाजता, हे डॉक्टरांना कसं कळावं?

म्हणून खूण दिसली की आधी घड्याळ बघायचं आणि वेळ कागदावर लिहायची. कागद नसेल तर तळहातावर लिहा, भिंतीवर कोळशाने लिहा. आबांच्या हातून कप पडला तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. लिहा : सकाळी ७.१०.

एक अडचण येते. आजी रात्री नऊला झोपल्या तेव्हा चांगल्या होत्या. पहाटे पाचला उठवायला गेलो तर एक अंग लुळं. मग वेळ कोणती लिहायची? लोक पाच सांगतात. पण वारं पाचला गेलं की मध्यरात्री, हे कोणी बघितलं? अशा वेळी दोन वेळा लिहायच्या. "शेवटचं धड बघितलं : रात्री ९. दुखणं दिसलं : पहाटे ५." रात्री अकराला त्या पाणी प्यायला उठल्या होत्या आणि नीट बोलल्या होत्या, असं नातवाने सांगितलं, तर नऊच्या जागी अकरा लिहायचे. म्हणून घरातल्या पोरालाही विचारावं.

कधी कधी वारं येतं आणि जातं. हात दहा मिनिटं लुळा पडतो, बोबडी वळते, आणि पुन्हा सारं जागच्या जागी येतं. घरचे म्हणतात, "टळलं!" ते टळलेलं नसतं. गुठळी आली आणि सुटली. पुढचे दोन दिवस सर्वांत धोक्याचे असतात. हात चालू लागला तरी त्याच दिवशी, त्याच घटकेला निघायचं. चांगल्या दिसणाऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायला घरचे तयार होत नाहीत, हे आम्ही पुष्कळदा बघितलं आहे. तिथे हट्ट धरावा.

गाडी येईपर्यंत काय करायचं? वाऱ्याच्या रोग्याच्या तोंडात काहीही घालू नका. पाणी नको, चहा नको, साखर नको, गोळी नको. त्याचा गिळायचा मार्ग ढिला पडलेला असतो, पाणी फुप्फुसात जातं. रोगी गुंगीत असेल तर त्याला कुशीवर निजवा. छातीच्या रोग्याला भिंतीला किंवा उशीला टेकून अर्धवट बसवा. त्याला चालवू नका. "सडकेपर्यंत चालत या, तिथं गाडी हाय," असं म्हणू नका. खुर्चीवर बसवून चौघांनी उचला. पाड्यावर गाडी येत नसेल तर बाज किंवा झोळी करा. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये दाबून नेण्याची रीत दिसते. दुसरं वाहन मिळत असेल तर ती टाळा. वाटेत रोगी बेशुद्ध पडला तर मोटारसायकलवर काही करता येत नाही.

फोन लावायचा तो १०८ ला. महाराष्ट्रात ही गाडी २०१४ पासून आहे. पैसे पडत नाहीत. गाडीत डॉक्टर असतो. फोनवर सांगताना रडारड नको. गाव, तालुका, जवळची खूण, रोग्याचं वय, काय होतंय आणि केव्हापासून, एवढं सांगा. गाडीला किती वेळ लागेल ते विचारा. फार वेळ लागणार असेल तर गावातली जीप काढा, पण कुठे जायचं ते त्याच फोनवर विचारून घ्या. कारण प्रत्येक दवाखान्यात सारं नसतं. ईसीजी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात निघतो. सीटी स्कॅनसाठी बहुधा जिल्ह्याच्या दवाखान्यात किंवा मोठ्या खाजगी दवाखान्यात जावं लागतं. वाऱ्याचा रोगी आधी एका दवाखान्यात, तिथून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या, असा फिरला की साडेचार तास सडकेवरच संपतात. हे आज, घरात सारे धडधाकट असताना, विचारून ठेवावं. आशाताईंना विचारा, उपकेंद्रातल्या सिस्टरना विचारा : आपल्याला सर्वांत जवळचं सीटी स्कॅन कुठे आहे? रात्री चालू असतं का?

निघताना शिधापत्रिका आणि आधारकार्ड घ्या. रोज घ्यायच्या गोळ्या पिशवीत टाका. पैशाची जुळवाजुळव करत बसू नका. एकाने रोग्याबरोबर जावं, दुसऱ्याने मागून पैसे आणावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जे दवाखाने आहेत, तिथे आरोग्यमित्र नावाचा माणूस असतो. त्याला भेटून शिधापत्रिका दाखवावी आणि काय बसतं ते विचारावं.

आणि रोगी कोसळलाच, हलवलं तरी हलत नाही, श्वास नाही, किंवा मधूनच आचके देतो आहे, तर? आचके म्हणजे श्वास नव्हे. तोंडाला कांदा लावू नका, चप्पल हुंगवू नका. एकाने १०८ ला फोन लावावा. दुसऱ्याने रोग्याला कडक जमिनीवर उताणं निजवावं, छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवावे आणि कोपरं सरळ ठेवून जोराने दाबावं. दोन इंच खाली, मग सोडायचं, पुन्हा दाबायचं. मिनिटाला १०० ते १२० वेळा. थकलात तर दुसऱ्याने घ्यावं. गाडी येईपर्यंत किंवा रोगी हलेपर्यंत थांबायचं नाही. हे पोहण्यासारखं आहे, नुसतं वाचून येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सांगा, एक दिवस ग्रामपंचायतीत येऊन शिकवा. पाच-दहा जणांना तरी आलं पाहिजे.

हे होऊच नये म्हणून काय करावं, त्याचा धडा वेगळा आहे. इथे एवढंच सांगतो, की तिशी ओलांडलेल्या माणसाचा रक्तदाब आणि साखर उपकेंद्रात फुकट तपासतात. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० याच्यावर वारंवार येत असेल, तर औषध लागेल का ते डॉक्टर ठरवतील. लागलं तर बरं वाटतंय म्हणून ते बंद करू नये. रक्तदाब वाढला तरी बहुधा काही दुखत नाही, म्हणून तर फसायला होतं. बिडी, तंबाखू आणि बायांची मिश्री हे तिन्ही त्या नळ्यांचे वैरी आहेत. मिश्रीला कोणी व्यसन मानत नाही, पण तीही तंबाखूच.

अभ्यास

एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा : १०८. त्याखाली जवळच्या ईसीजीच्या दवाखान्याचं नाव आणि जवळच्या सीटी स्कॅनच्या दवाखान्याचं नाव लिहा. नावं ठाऊक नसतील तर पुढच्या वर्गाला येताना विचारून या. घरात रोज गोळ्या घेणारं कोणी असेल, तर त्यांच्या गोळ्यांची नावं लिहून घ्या. हा कागद घड्याळाच्या खाली चिकटवा.

मग खालची चिठ्ठी आपल्या वहीत उतरवा. ही नमुन्याची आहे. वेळ पडली तर अशीच लिहून रोग्याबरोबर द्यायची.

रोगी : घरातील आजी. वय ६८.
शेवटचं धड बघितलं : रात्री ११.
दुखणं दिसलं : पहाटे ५.
काय दिसलं : तोंड वाकडं. उजवा हात लुळा. बोलणं कळत नाही.
१०८ ला फोन केला : पहाटे ५.०४.
रोजच्या गोळ्या : रक्तदाबाची. पाकीट पिशवीत आहे.
तोंडाने काही दिलं का : नाही.